साडेतीन टक्क्यांत अडकलेली बुलेट

माझ्या 2003 सालच्या 350 बुलेटला मोठा कार्ब्युरेटर (इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) बसवण्याचे काम मी घरीच, म्हणजे भांडुपमधल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, एका रविवारी जेवणाच्या वेळेपर्यंत उरकले होते. त्यानंतर त्याच गाडीची पीयूसी, म्हणजे धूर मर्यादेत असल्याचे प्रमाणपत्र, काढायला मला पाच आठवडे आणि चार फेऱ्या लागल्या. मोठा कार्ब्युरेटर कसा बसवला असे विचारणारे पुष्कळ भेटतात, म्हणून ते आधी थोडक्यात सांगून टाकतो. पण मला खरे बोलायचे आहे ते त्या चार फेऱ्यांबद्दल.

गाडीचा मूळ 24 मिलिमीटरचा कार्ब्युरेटर वीस वर्षांत झिजला होता. त्याची स्लाइड, म्हणजे थ्रॉटलबरोबर वरखाली होणारी झडप, बोटाने हलवली तरी खडखडत असे, आणि हवेचे प्रमाण ठरवणाऱ्या एअर स्क्रूचे आटे कोणीतरी आधीच बिघडवून ठेवलेले होते. तसाच नवा घेण्याऐवजी मी 500 बुलेटचा 28 मिलिमीटरचा वापरलेला कार्ब्युरेटर, त्याला इंजिनाशी जोडणारा फ्लँज आणि रबरी होज असा संच कुर्ल्याला सीएसटी रोडवर शोधून आणला. खोलणे, पेट्रोलमध्ये धुणे, हवेच्या दाबाने प्रत्येक वाट फुंकून काढणे आणि बसवणे यात सांगण्यासारखे फारसे काही नाही. फक्त जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याच्या, भोकात तार किंवा टाचणी कधीही घालू नये, कारण पितळ मऊ असते आणि एकदा भोक मोठे झाले की जेटवर कोरलेला भोकाच्या मापाचा आकडा खोटा ठरतो. हे काम घरातल्या बाल्कनीत करावे असा माझा विचार होता, परंतु स्वयंपाकघरातला गॅस आणि वाटीभर उघडे पेट्रोल एका छताखाली नकोत, हे बायकोने मला दारातच ऐकवले आणि ते योग्यच होते.

पहिल्या फेरफटक्यात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अशी ओढली की मी हेल्मेटच्या आत एकटाच हसत होतो. तो आनंद पाच दिवस टिकला, कारण पुढच्या शुक्रवारी पीयूसीची मुदत संपत होती.

पीयूसी केंद्र म्हणजे पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातली एक टपरीवजा खोली, तीत एक संगणक, एक यंत्र आणि मोबाइलमधून मान वर न काढणारा एक तरुण. चाळीस मिनिटे रांगेत उभे राहिल्यावर त्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली, नंबर प्लेटचा फोटो काढला आणि पडद्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा 5.9 टक्के असा उमटला. 31 मार्च 2000 नंतर बनलेल्या माझ्यासारख्या चारस्ट्रोक दुचाकीला निष्क्रिय गतीवर, म्हणजे गाडी नुसती चालू ठेवलेली असताना, 3.5 टक्क्यांची मर्यादा आहे. हायड्रोकार्बनची मर्यादा 4500 पीपीएम, आणि तो आकडा माझ्या गाडीचा मर्यादेतच होता. (त्या तारखेपूर्वीच्या गाड्यांना 4.5 टक्के चालतात, त्यामुळे माझ्या मित्राची 1996 ची बुलेट माझ्यापेक्षा जास्त धूर सोडूनही निर्धास्त फिरते. यावर मी अजून चिडलेला आहे.) "साहेब, पेट्रोल जास्त जातंय, ट्यूनिंग करून आणा," एवढे बोलून त्याने पुढच्या रिक्षाला हात केला.

येथे मी जी चूक केली ती सविस्तर सांगणे भाग आहे, कारण तीच चूक घरी काम करणारे बहुतेक जण करतात. पेट्रोल जास्त जाते म्हणजे मेन जेट मोठा आहे, असे मी गृहीत धरले. त्या कार्ब्युरेटरमधल्या मेन जेटवर 110 हा आकडा होता. मी 105 घातला, मग 100 घातला. पहाटे साडेपाचला पूर्व द्रुतगती मार्गावर जाऊन (ईस्टर्न फ्रीवेवर दुचाकींना बंदी असल्यामुळे आमच्यासारख्यांना हाच मोकळा रस्ता) भर थ्रॉटलवर गाडी ओढायची, तिथेच इंजिन बंद करून क्लच दाबायचा, बाजूला थांबून प्लग काढायचा आणि टॉर्चच्या उजेडात त्याचा रंग पाहायचा, असे दोन रविवार घालवले. रंग बिस्किटासारखा सुंदर आला, म्हणजे मिश्रण योग्य. दुसऱ्या फेरीत यंत्राने 5.8 दाखवले.

भर थ्रॉटलवरचा प्लगचा रंग आणि निष्क्रिय गतीवरचा धूर यांचा एकमेकांशी जवळजवळ काहीच संबंध नाही, हे मला त्या दिवशी रांगेतच समजायला हवे होते. थ्रॉटल बंद असताना आणि पुढे साधारण अष्टमांश उघडेपर्यंत पेट्रोल येते ते पायलट जेट नावाच्या दुसऱ्या, लहान जेटमधून. पाव उघडेपर्यंत स्लाइडच्या खालच्या तिरप्या कापाचा प्रभाव असतो, त्यापुढे पाऊण थ्रॉटलपर्यंत स्लाइडला लटकणाऱ्या सुईचा, म्हणजे नीडलचा, आणि तिची उंची ठरवणाऱ्या क्लिपचा, आणि मेन जेटची सत्ता शेवटच्या पाव भागात चालते. पीयूसीचे यंत्र फक्त पहिल्या टप्प्याचा धूर मोजते. त्यातच कार्ब्युरेटरचा घसा मोठा असला की कमी थ्रॉटलवर त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग घटतो आणि निष्क्रिय गतीचे गणित अधिक नाजूक होते. म्हणजे मी दोन आठवडे माडीवरच्या नळाला वायसर बदलत होतो आणि गळती तळमजल्यावर होती.

त्या दुसऱ्या फेरीत माझ्यापुढे एक स्कूटर होती. तिच्या सायलेन्सरमध्ये नळी गेलीच नाही, नुसता फोटो निघाला आणि दोन मिनिटांत प्रमाणपत्र छापून आले. मी काही बोललो नाही, कारण मागे नऊ जण उभे होते. परंतु माझ्या वेळी नळी अगदी आतपर्यंत घातली गेली, हे मी विसरणार नाही.

मग पायलट जेट उघडला, तर त्यावर 30 निघाला. हा आकडा माझ्याच हुशारीचा होता. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. साध्या पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने 14.7 पट हवा लागते तर इथेनॉलला सुमारे 9 पट, त्यामुळे तेवढ्याच जेटवर मिश्रण थोडे पातळ, म्हणजे गरजेपेक्षा जास्त हवेचे, पडते. हा हिशेब करून मी बसवतानाच 25 काढून 30 घातला होता. हिशेबाची दिशा बरोबर होती, उडी मात्र फार मोठी होती. 25 परत घातल्यावर तिसऱ्या फेरीसाठी ऑफिसातून अर्धी रजा काढून गेलो, तर सर्व्हर बंद. दीड तास थांबलो, आणि तेवढ्यात इंजिन गार झाले. अखेर सर्व्हर आला तेव्हा आकडा 5.1 होता. पीयूसीला जाणाऱ्याने रांगेत आपला नंबर येण्यापूर्वी पाच मिनिटे गाडी चालू ठेवावी. गार इंजिनाचा आकडा नेहमीच वाईट येतो. पण 5.1 ला गार इंजिन जबाबदार नव्हते.

तळमजल्यावरचे अण्णा अनेक वर्षे बसगाड्यांच्या कार्यशाळेत फिटर होते. ते एरवी माझ्या कामाकडे खुर्चीत बसून पाहतात आणि काही बोलत नाहीत. त्या संध्याकाळी ते उठून आले आणि म्हणाले, "अरे, तो स्क्रू फिरवलास की आवाज बदलतो का?" मी एअर स्क्रू पूर्ण आत घेतला, या कार्ब्युरेटरवर हा स्क्रू हवेच्या वाटेवर असल्यामुळे आत घेतला की मिश्रण दाट होते आणि गाडी धडधडू लागायला हवी. काही झाले नाही. तीन आटे बाहेर काढला. तरीही काही झाले नाही. अण्णा म्हणाले, "मग पेट्रोल या वाटेनं येतच नाहीये, दुसरीकडून घुसतंय. चोक काढ."

गार इंजिन सुरू करताना जास्त पेट्रोल मिळावे म्हणून ओढतात तो चोक म्हणजे हवा अडवणारे झाकण, असे पुष्कळ जण समजतात. या कार्ब्युरेटरमध्ये तसे नसते. येथे चोकची स्वतःची पेट्रोलची वाट असते, आणि ती एका लहान पितळी प्लंजरने बंद राहते. त्या प्लंजरच्या तळाला मुगाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा असा रबराचा गोल तुकडा असतो. तो बाहेर काढून अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नखाने दाबून पाहिला. रबर लाकडासारखे कडक झाले होते आणि त्यावर बसणीचा जो गोल ठसा उमटायला हवा तो एका बाजूला सरकून अर्धचंद्रासारखा झाला होता. म्हणजे चोक बंद असतानाही ती वाट उघडी होती, आणि पायलट जेट कोणताही घातला तरी गाडी सतत अर्ध्या चोकवर चालत होती. मी जेटवर जेवढा खर्च केला होता त्याच्या दहाव्या हिश्शात नवा प्लंजर आला.

तो बसवल्यावर एअर स्क्रू पाव आटा फिरवला तरी इंजिनाचा आवाज बदलू लागला. इंजिन चांगले गरम झाल्यावर स्क्रू हळूहळू फिरवून गती सर्वांत जास्त होते ती जागा शोधायची आणि मग स्लाइडचा स्क्रू सैल करून गती खाली आणायची. माझी जागा सव्वा आट्यावर सापडली. चौथ्या फेरीत यंत्राने 1.8 दाखवले. त्या तरुणाने प्रथमच मोबाइल बाजूला ठेवून कार्ब्युरेटरकडे वाकून पाहिले, आणि 50 रुपये देताना मला जो अभिमान वाटला तो त्या रकमेच्या मानाने फारच मोठा होता.

आता आठवेल तसे सांगतो. वापरलेला कार्ब्युरेटर घेतलात तर बसवण्यापूर्वीच चोकचा प्लंजर आणि आत येणारे पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई बदलून टाकावी. फ्लँज बसवल्यावर आणि होजच्या क्लिपा आवळल्यावर चालू इंजिनात सांध्याभोवती साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारावा. गती बदलली तर हवा खेचली जात आहे. फ्लँजचे नट एकेक करून पूर्ण आवळू नयेत, आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, नाहीतर तो वाकतो. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर बाउलचा, म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीचा, तळचा स्क्रू उघडून पेट्रोल काढून टाकावे, कारण इथेनॉल ओलावा धरते आणि मुंबईच्या हवेत तो कमी नसतो. आणि जे सुरुवातीलाच सांगायला हवे होते ते असे, की मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. कार्ब्युरेटरची नोंद त्या प्रमाणपत्रावर नसली तरी मी इंजिन आणि सायलेन्सर यांना हात लावला नाही, आणि जुना 24 चा कार्ब्युरेटर फेकलेला नाही.

पाव थ्रॉटलवर गाडी अजून क्षणभर अडखळते. नीडलची क्लिप एक खाच खाली घेऊन, म्हणजे नीडल वर उचलून पाहिली, फरक थोडाच पडला. आता कमी कापाची स्लाइड शोधायला पुन्हा सीएसटी रोडला जायचे आहे. माझ्या गाडीच्या पीयूसीची मुदत सहा महिन्यांची असते, त्यामुळे त्या दिवशी मी प्लंजर दोन घेतले. दुसरा जुन्या कार्ब्युरेटरसोबत बिस्किटांच्या डब्यात ठेवला आहे.