पाढे पाठ, कालचा धडा कोरा

अमेरिकेतल्या अनेक शाळांत मूल घसरगुंडीवरून डोक्यावर आपटलं की नर्स एक कागद काढते. उभे रकाने चार: लागल्याबरोबर, १५ मिनिटांनी, ३० मिनिटांनी आणि शाळेतून निघण्याआधी. आडव्या ओळींत प्रश्न: डोकं दुखतंय? मळमळतंय? उजेड खुपतोय? तेच तेच विचारतोय? प्रत्येक रकान्यात खूण करायची आणि निदान अर्धा तास मूल डोळ्यांसमोर ठेवायचं. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने शाळांसाठी तयार केलेला हा साधा तक्ता. त्याला ना मशीन लागतं, ना पैसा.

नाशकात काय होतं? बर्फ लावायचा, 'टेंगूळ बाहेर आलं म्हणजे आत काही नाही' म्हणायचं आणि पोराला पुढच्या तासाला बसवायचं. मेंदूला बसलेल्या हादऱ्याची लक्षणं मात्र कधी कधी काही तासांनी वर येतात. शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही. बहुतेकांची हरपत नाही. सीटी स्कॅनही बहुधा स्वच्छ येतो, कारण त्यात रक्तस्राव आणि तडकलेलं हाड दिसतं, पेशींचं बिघडलेलं काम दिसत नाही. 'रिपोर्ट नॉर्मल' म्हटलं की विषय मिटतो. वारंवार उलट्या, एका डोळ्याची बाहुली मोठी, जड जीभ, झटके, हलवूनही जाग न येणं, यातलं एक जरी दिसलं तर तक्ता बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल.

हादरा बसलेली बहुतेक मुलं महिनाभरात सावरतात. एक-दोन दिवस आराम, मग थोडं वाचन, अर्धा दिवस शाळा, पूर्ण शाळा; मैदान सगळ्यात शेवटी.

खरी फसगत मोठ्या दुखापतीत होते. संक्रांतीला पतंगाच्या नादात गच्चीवरून पडलेला मुलगा वर्गात परततो. पाढे धडाधड म्हणतो, वाचनही जुन्यासारखंच. बाई म्हणतात, बरा झाला. पण अपघाताआधी शिकलेलं बरंचसं शाबूत राहतं, नवं टिकत नाही. सोमवारचा अपूर्णांक मंगळवारी कोरा. शिवाय चौथ्या तासापर्यंत मेंदू थकतो, मग तो चिडतो किंवा बाकावर डोकं टेकतो. शेरा पडतो: 'आळशी, उद्धट'.

अशा मुलाला एका वेळी एकच सूचना द्यावी, फळ्यावर लिहावी आणि त्याच्याच शब्दांत परत म्हणवून घ्यावी. वीस गणितांऐवजी पाच. अवघड विषय पहिल्या दोन तासांत.

इथे अमेरिकेत सगळं सोन्याचं आहे, असं मुळीच नाही. १९९० पासून विशेष शिक्षणाच्या कायद्यात अपघाती मेंदू-दुखापतीचा वेगळा प्रवर्ग आहे, तरी कितीतरी मुलं 'अध्ययन अक्षमते'खाली ढकलली जातात. आपल्या भारतातल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांत हे नावच नाही, आणि साठ पोरांच्या वर्गात नर्स कुठून आणायची? तेवढ्या गर्दीतही कोणाचा डबा आज आला नाही हे आपल्या बाईंना कळतं. तीच नजर डोक्याला मार बसलेल्या मुलाकडे लावायची आहे, म्हणून तर लिहितोय.

'लहान आहे, भरून निघेल' हेही अर्धवट खरं. कपाळामागचा भाग सर्वांत उशिरा पिकतो. दुसरीत तिथे मार बसला तर उणीव सातवी-आठवीत दिसते, जेव्हा वह्या, वेळापत्रक, प्रकल्प स्वतः सांभाळायचे असतात. तोवर वर्गशिक्षक पाचदा बदललेले असतात. म्हणून प्रगतिपुस्तकात एक ओळ लिहून ठेवा: डोक्याला मार, तारीख, किती दिवस शाळा बुडाली.