ऑस्टेन्सिबल म्हणजे शाणा मानूस

सांगलीत दिवाणी कामं करणाऱ्या एका सीनियरांकडे मी ज्युनियर आहे, म्हणजे तारखा घेणं, नकला काढणं आणि उलटतपास चालू असताना शेजारी बसून मुद्दे टिपणं. केस कुणाची ते सांगत नाही, गावही नको, वारणाकाठचं एवढं पुरे.

भानगड नेहमीचीच. वडलांनी स्वतःच्या कमाईनं बांधलेलं घर, मृत्युपत्र नाही, आई आधीच गेलेली, मागं एक मुलगा एक मुलगी. ग्रामपंचायतीच्या उताऱ्याला नाव लागलं फक्त मुलाचं, मुलगी सासरी, ती काही बोलली नाही. पुढं भावानं अख्खं घर शेजाऱ्याला विकलं आणि मग बहिणीनं निम्म्या हिश्श्याचा दावा लावला. कायद्यानं तिचा हिस्सा भावाएवढाच, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पोरगा पोरगी दोघं पहिल्या वर्गाचे वारस. आम्ही बहिणीकडून.

शेजाऱ्याच्या वकिलांनी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, कलम ४१ घेतलं होतं, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं, आणि इथंच तो शब्द येतो, ऑस्टेन्सिबल ओनर. कुणी ‘दृश्यमान मालक’ लिहितं, कुणी ‘भासमान’, यांनी सरळ देवनागरीत ‘ऑस्टेन्सिबल मालक’ ठोकलं आणि तेच शेजाऱ्याच्या सरतपासाच्या, म्हणजे स्वतःच्या साक्षीच्या, शपथपत्रात पण उतरवलं, कॉपी पेस्ट. त्या माणसानं ते वाचलं असेल असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं.

उलटतपासाला सरांनी पहिल्यांदा तेच धरलं.

“तुम्ही शपथेवर लिहिलंय, ऑस्टेन्सिबल मालकाकडून खरेदी घेतली. म्हणजे कसा मालक?”

“म्हंजे शाणा मानूस सायेब. सेन्सिबल. कुनाच्या अध्यात ना मध्यात.”

मागच्या बाकावरचे वकील फस्सकन हसले. समोरचे वकील उठले, हा कायद्याचा प्रश्न आहे, साक्षीदाराला विचारता येणार नाही. न्यायाधीश साहेब म्हणाले शब्द त्यांच्या शपथपत्रात आहे, पण ठीक आहे, सोपं करून विचारा.

“बरं, घर कुणाचं दिसत होतं?”

“त्येचंच की. उतारा त्येच्या नावावर, घरपट्टी त्योच भरायचा.”

“उतारा कुणी दाखवला तुम्हाला?”

“त्येनंच.”

मी खाली मान घालून ‘त्येनंच’ला दोनदा अधोरेखित केलं. कारण सगळी गोम त्यातच आहे. ऑस्टेन्सिबल मूळचा लॅटिन ऑस्टेन्डेरे वरून आलाय, ऑब म्हणजे समोर आणि टेन्डेरे म्हणजे ताणणं, पसरणं, थोडक्यात समोर पसरून दाखवणं. फ्रेंचमार्गे अठराव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा अर्थ साधा होता, दाखवण्याजोगं, चारचौघांत पुढं करता येईल असं. मग हळूहळू ‘दाखवायचं एक’ ही छटा चिकटली. ऑस्टेन्टेशन, म्हणजे बडेजाव, हा त्याच घरातला, आणि टेन्डेरे वरूनच टेंट पण आलाय. अपॅरंट म्हणजे नुसतं दिसणारं. ऑस्टेन्सिबल मध्ये बहुतेक वेळा कुणीतरी मुद्दाम पुढं केलेलं असतं. मामाच्या तब्येतीची चौकशी करायला पावणा येतो आणि चहा झाल्यावर उसन्या पैशाचा विषय काढतो, तर तब्येत हे त्याचं ऑस्टेन्सिबल कारण. आपल्याकडे ‘वरकरणी’ म्हणतात ते बऱ्यापैकी बसतं, पण कैफियतीत वरकरणी मालक कोण लिहिणार, मालकालाच राग यायचा.

आणि कलम ४१ नेमकं हेच विचारतं की दाखवलं कुणी. विकणाऱ्यानं स्वतःच मिरवलं तर उपयोग नाही, ज्यांचा खरा हक्क आहे त्यांच्या संमतीनं, उघड किंवा गर्भित, तो मालक म्हणून वावरत असला पाहिजे. प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील कोर्टानं, १८७२ मध्येच रामकुमार कुंडूच्या केसमध्ये हे तत्त्व मांडलं होतं, खऱ्या मालकानंच दुसऱ्याला मालक म्हणून मिरवू दिलं असेल तर पैसे मोजून घेणाऱ्या अनभिज्ञ माणसावर त्याला नंतर उलटता येत नाही. वर घेणाऱ्यानं वाजवी चौकशी केलेली पाहिजे आणि प्रामाणिकपणे वागलेला पाहिजे. उताऱ्यावरचं नाव ही कर वसुलीची सोय, त्यानं मालकी येत नाही, हे कोर्टात रोज कुणीतरी सांगत असतं आणि गावात कुणालाच पटत नाही.

सर चौकशीवर आले.

“वादी बाईंना ओळखता?”

“न वळखाया काय झालं, आमची आक्काच ती. तिच्या लग्नात पंगतीला वाढलंय मी.”

“खरेदीच्या आधी तिला विचारलं?”

“तिला कशाला इचारायचं? ती दिली की सासरी.”

तो खोटं बोलत नव्हता, लबाडही वाटला नाही. त्याच्या हिशेबात दिलेल्या पोरीचा घराशी संबंध संपला होता, बस. साहेबांनी स्टेनोला सांगितलं, लिहा, “वादी ही विक्रेत्याची सख्खी बहीण आहे हे मला खरेदीपूर्वी माहीत होते. मी तिच्याकडे विचारणा केली नाही.” एवढ्या दोन ओळी. पंगत वगैरे काही आलं नाही त्यात. समोरच्या वकिलांनी फाईल मिटली, परत उघडली. सरांनी पुढचे चार-दोन प्रश्न उगाच विचारले असं माझं मत, काम झालं होतं.

आक्का माझ्या मागं बसली होती. बाहेर आल्यावर तिनं मला हळूच विचारलं, “त्येला शिक्षा न्हाई ना व्हायची? गरीब हाय वो त्यो.” म्हटलं आक्का, हा दिवाणी दावा आहे, शिक्षा कसली, आणि भावाचा हिस्सा तर शेजाऱ्याकडे राहतोच, त्याच्या हातून जातोय तो तुमच्या वाटणीचा.

निकालात निम्मा हिस्सा तिचा धरला. शेजाऱ्यानं जिल्हा न्यायालयात अपील केलंय, मेमोत या वेळी ‘दर्शनी मालक’ लिहिलंय, आणि त्यावर आमचं म्हणणं मलाच टाईप करायचंय.