पाणीपुरीचं पाणी इतकं हिरवं कसं?

तक्रार हातांबद्दल होती. २०२४ च्या पावसाळ्यात नाशिकमधल्या पाणीपुरीच्या एका गाडीचा व्हिडिओ मोबाइलवर सगळीकडे फिरत होता. गाडीवाली बाई मनगटापर्यंत हात पातेल्यात घालून मसाला ढवळते आणि त्याच हाताने पुरी फोडते, एवढीच ती चित्रफीत. ‘हातमोजे कुठे आहेत?’, ‘अन्न सुरक्षावाले झोपलेत का?’ असं लिहून लोकांनी ती आमच्याकडे पाठवली. मी अन्न सुरक्षा अधिकारी आहे आणि तो भाग माझ्याकडे होता. गर्दी व्हायच्या आत, दुपार कलताना, सहकाऱ्याला घेऊन मी तिथे गेले.

जुन्या नाशकातली गल्ली, गाडीवर निळी ताडपत्री. मावशींची नखं कापलेली, हातात अंगठी-बांगडी नाही, खाली साबण आणि हात धुवायला वेगळी बादली. नोंदणीचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून काचेवर लावलेलं. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असणाऱ्यांना तेव्हा वर्षाला १०० रुपयांत ही नोंदणी मिळायची, तरी कितीतरी गाड्यांवर ती नसायची. पिण्याच्या पाण्यात क्लोरिनच्या किटचे थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. म्हणजे क्लोरिन होतं. बर्फ पांढरा. कारखान्यांसाठीच्या, न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम राज्यात २०१८ पासून आहे, म्हणून तो आधी बघायची सवय लागली आहे. ढवळायला मोठा डाव वापरा, हात घालू नका, हे मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी ते लगेच मानलं.

हातमोज्यांबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. मोजे घातलेल्या हाताने नोटा घ्यायच्या, गाडी पुसायची आणि त्याच मोज्याने पुरीत बटाटा भरायचा, हे मी रोज बघते. व्हिडिओत तो हात स्वच्छ दिसतो. पावसाळ्यात कावीळ आणि टायफॉइड पसरतात ते मुख्यतः दूषित पाण्यातून, आणि पाण्यातलं क्लोरिन कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही.

मग पातेल्यावरचं झाकण काढलं. आत लख्ख पोपटी पाणी. ते बघूनच मी थांबले.

घरी पुदिन्याचं पाणी केलेल्या कुणालाही हे माहीत असतं. वाटण ताजं असताना हिरवंगार दिसतं, पण चिंच किंवा लिंबू पडलं की बघता बघता ते शेवाळी, मातकट होत जातं. पानांतलं हरितद्रव्य आंबटात टिकत नाही. शिवाय ते पाण्यात विरघळतही नाही, चोथ्याबरोबर तळाशी बसतं. काचेच्या ग्लासात थोडा वेळ ठेवलं की वर फिकट पाणी आणि खाली हिरवा गाळ. मी ग्लास भरून ठेवला आणि बाकीची तपासणी उरकली. परत आले तेव्हा गाळ खाली बसला होता, पण वरचं पाणी तसंच पोपटी होतं. गाडीवरचं पांढरं फडकंही त्याच रंगाचं झालं होतं.

“मावशी, रंग घालता?”

“मी नाही घालत, मॅडम. पोरगा घालतो.”

मुलगा वीस-बावीस वर्षांचा. त्याने काहीच लपवलं नाही. “व्हिडिओवाले दादा आले होते ना, ते म्हणाले, पाणी कॅमेऱ्यात गढूळ दिसतंय. म्हटलं, लोकांना नाल्याचं वाटायचं.” त्याने ड्रॉवरमधून पुडी काढून दिली. तिच्यावर नाव नाही, परवाना क्रमांक नाही, तारीख नाही. व्हिडिओ पसरल्यावर नाशिकरोडहून, थेट सिन्नरहून लोक गाड्या काढून यायला लागले आणि ‘तेच हिरवं पाणी’ मागायला लागले. मग पुडी रोजचीच झाली.

त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर आणि म्हातारीच्या केसांतल्या रोडामाइन-बी या न खाण्याच्या रंगावर बंदी घातली होती. नंतर तिथेच पाणीपुरीचे सुमारे २६० नमुने तपासले, त्यांपैकी ४१ असुरक्षित निघाले. त्या बातम्या मी वाचल्या होत्या. ती पुडी हातात घेताना त्याच आठवल्या.

नमुना घेण्याची रीत ठरलेली आहे. शेजारचा चहावाला साक्षीदार झाला. नमुन्याचे चार भाग केले, सीलबंद केले, सह्या घेतल्या. मावशींचा आवाज कापत होता. “हे विष आहे का हो, मॅडम? माझी नात रोज पिते.” मी त्यांना खोटा धीर दिला नाही आणि उगाच घाबरवलंही नाही. आपल्याकडे आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणात. या बेनाव पुडीत काय आहे हे प्रयोगशाळाच सांगेल. तोवर नातीला देऊ नका आणि कुणालाच देऊ नका.

त्यांनी अख्खं पातेलं ओतून दिलं आणि नवीन पाणी करायला घेतलं. तेवढ्यात मोटारसायकलवरून एक जोडपं आलं. मोबाइलमधला व्हिडिओ आणि पातेलं आलटून पालटून पाहिलं, “हे ते नाहीये,” म्हणाले आणि निघून गेले. त्या दिवसातलं हे वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं. पुदिना खरा, चिंच खरी, पाणी शुद्ध, आणि तरी ते पाणी नकली ठरलं. मागून क्लासच्या मुली आल्या, नेहमीच्या असाव्यात. त्यांनी रंगाकडे पाहिलंही नाही, “आज तिखट भारी झालंय, मावशी,” म्हणत अजून एक प्लेट घेतली.

मुलाने फोन केल्यावर तो व्हिडिओवाला तरुण स्कूटरवरून आला. “मॅडम, मी रंग घाला असं म्हणालोच नव्हतो. फिकं दिसतंय एवढंच म्हटलं.” माझा त्याच्यावर विश्वास बसला. पण ज्याचा धंदा तुझ्या व्हिडिओवर उभा राहणार आहे, त्याच्या कानात ‘फिकं’ हा हुकूमच होतो, हे मी त्याला समजावलं. ग्लास दाखवला, हरितद्रव्याचं सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता, मग म्हणाला, “पण मग मी दाखवू काय?” गाळ खाली बसताना दाखव, मी म्हटलं. त्याने खरंच तसा व्हिडिओ केला. फार कमी लोकांनी पाहिला.

अहवालात कृत्रिम रंग निघाला आणि प्रकरण रीतसर पुढे गेलं. त्याबद्दल इथे अधिक लिहिणं योग्य नाही. माझ्या कामात मात्र एक प्रश्न वाढला आहे. कुठल्याही गाडीवर गेले की पाणी, तेल, बर्फ बघून झाल्यावर मी विचारते, “इथे कुणी व्हिडिओ काढला होता का? त्यानंतर पदार्थात काय बदललं?” लोक मोकळेपणाने सांगतात. परवा एका डोसेवाल्याने सांगितलं, पूर्वी चीज चिमूटभर पडायचं, आता डोसा दिसेनासा होईपर्यंत किसावं लागतं, आणि तेवढं खरं चीज परवडत नाही. त्याच्याकडची लादी उलटून पाहिली. घटकांत पहिलं नाव पाणी, दुसरं पामतेल.