मतपत्रिकेवरचं एक अनोळखी नाव

आज कामावर जाण्याआधी मत देऊन आले. न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदाची निवडणूक. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, राज्यपालाला राष्ट्रपती नेमतात ना?" म्हटलं, इथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्रीच समज, फक्त त्याला लोक थेट निवडतात.

डेमोक्रॅटिक पक्षाच्या मिकी शेरिल आणि रिपब्लिकन पक्षाचे जॅक चिटारेली ही दोन नावं कित्येक महिने टीव्हीवर ऐकतेय. पण मतपत्रिकेवर जोआन कुनियान्स्की हेही नाव होतं. पक्ष सोशलिस्ट वर्कर्स पार्टी, एक छोटा डावा पक्ष. 2021 च्या निवडणुकीतही त्या याच पदासाठी उभ्या होत्या. म्हणजे तेव्हा हरल्या आणि चार वर्षांनी पुन्हा, मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी लागणाऱ्या मतदारांच्या सह्या गोळा करून, उभ्या राहिल्या! ना टीव्हीवर जाहिरात, ना मोठ्या वादचर्चांच्या मंचावर खुर्ची.

मी मत त्यांना दिलं नाही. त्यांची सगळी मतं मला पटतही नाहीत. तरी दिवसभर तेच नाव डोक्यात आहे. अनोळखी माणसासमोर कागद धरून "सही द्याल का?" असं शेकडो वेळा विचारायचं, तेही निकाल ठाऊक असताना. मला मनापासून आदर वाटला. टपालाने आलेली नमुना मतपत्रिका मी नीट वाचलीच नव्हती, हे मात्र खुपतंय. आता घरी जाऊन आधी ती शोधणार आहे.