पौषातली वही

काल मुरबाडची एस.टी. कल्याणला सोडून लोकलने ठाण्याला आले, तेव्हा पिशवीत दोन किलो कडवे वाल होते, काकूने फडक्यात बांधून दिलेले तांदूळ होते आणि माझी दोनशे पानी वही होती. एकेचाळीस पानं भरलीत. सकाळपासून तीच चाळत बसलेय.

२१ डिसेंबरला पौष लागला त्या दिवशी गावी गेले आणि महिना संपेपर्यंत राहिले. निवृत्तीनंतरचा हा पहिला हिवाळा. आबांना जाऊन सहा वर्षं झाली, त्यांच्या शेतीबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. रोज पहाटे उठून घोंगडी पांघरून लिहीत होते. आठ दिवसांनी काकूला वाचून दाखवलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाय, उडवी कशी रचायचे तुझे आबा, ते नाय लिवलंस?"

मला सांगता येईना. मी 'भाताच्या उडव्या' एवढंच लिहिलं होतं. मग तिने हात करून दाखवलं. भारे गोल लावायचे, लोंब्या आत, बुडखे बाहेर. म्हणजे दहिवर पडलं, पाखरं आली तरी दाणा आत सुखरूप. आबा शेवटचा थर एकट्याने रचायचे, खाली कुणाला थांबू द्यायचे नाहीत. हे मला माहीतच नव्हतं. ती आठही पानं मी फाडली आणि दुसऱ्या दिवसापासून लिहायची जागा बदलली. चुलीपाशी, काकूच्या शेजारी.

तिथे हात रिकामे ठेवून बसता येत नाही. वाल सोलायचे असतात. थंडीत त्यांना मोड लवकर येत नाहीत. रात्रभर भिजवून फडक्यात बांधायचे आणि गाठोडं उबेला, चुलीच्या कडेला ठेवायचं. दुसऱ्या दिवशीही मोड दिसले नाहीत तर काकू वरून जुनी घोंगडी टाकते. मोड आले की कोमट पाण्यात घालून एकेक दाणा चिमटीत धरायचा, साल सुटते आणि डाळिंबी बोटांतून निसटते. एका बिरड्याला लागेल एवढं सोलेपर्यंत तासभर जातो. त्या तासात काकू जे बोलायची ते मी दुपारी उतरवायची. वहीच्या बऱ्याच पानांवर वालाच्या पाण्याचे डाग आहेत.

२ जानेवारीला चुलतभावाबरोबर सिद्धगडाला गेले. १९४३ साली याच तारखेला स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. आबा दर वर्षी जायचे. दुसऱ्याच दिवशी पौषी पौर्णिमा, म्हणजे म्हसा गावची जत्रा सुरू. बैलबाजार पाहिला, वहिनीसाठी घोंगडी घेतली. त्या दोन दिवसांत एक ओळही लिहिली नाही.

त्यानंतर काका ऐनाच्या झाडावर कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडायला चढले. वय अडुसष्ट, कमरेला कोयता. शेंडा राखून फांद्या उतरवतात, खाली भारे बांधतात. उन्हाळ्यात हीच कवळ शेण-पाचोळ्याबरोबर रोपाच्या वाफ्यावर पसरून जाळायची, तो राब. तणाचं बी जळतं, राख खताला होते. काकांनी भारा खांद्यावर घेतला तेव्हा मान डावीकडे कलली, अगदी आबांसारखी. त्या दिवशी चार पानं लिहिली.

पण सगळ्यात अवघड गेलं ते कातकरीवाडीचं पान. दिवाळीनंतर वाडी वीटभट्ट्यांवर गेलेली. दारांना काटक्यांची झापं लावलेली, एका घरात एक म्हातारी आजी आणि दोन शेळ्या. तिने पाणी दिलं. आत मेढीला खुंटी होती आणि खुंटीला निळं दप्तर. नातवाचं, चौथीतल्या. मी खाली काढू का विचारलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, उंदीर कुरतडतील." वह्या तशाच आत होत्या. मुलगा आईबापाबरोबर भट्टीवर विटा उलटवतोय.

बत्तीस वर्षं मी ठाण्यात शाळेत शिकवलं. हजेरीपुस्तकात 'गैरहजर'ची खूण किती वेळा केली असेल याला मोजदाद नाही. पटावर नाव असायचं, बाकावर मूल नसायचं, आणि पुढचं नाव पुकारलं जायचं. दप्तर कुठे टांगलेलं आहे हे मी एकदाही जाऊन पाहिलं नाही. हे वहीत लिहिताना तीनदा खोडलं, चौथ्यांदा तसंच ठेवलं.

आज रात्री वाल भिजत घातलेत. इथे चूल नाही, म्हणून फडकं उद्या डब्यात घालून घोंगडीत गुंडाळीन. मघाशी काकूला फोन केला, पोरगा कधी येईल विचारलं. पावसाच्या तोंडावर, भट्ट्या बंद झाल्या की, म्हणाली. त्या पानाच्या पुढची दोन पानं मी कोरी ठेवलीत.