व्हीएस कोड, आयबस आणि व्हिम: मराठी मजकुराच्या मांडणीची नोंद

मांडणी अशी आहे: उबुंटूवर व्हीएस कोड हा एडिटर, मराठीसाठी आयबस या टायपिंगची भाषा बदलणाऱ्या प्रोग्राममधला इनस्क्रिप्ट कीबोर्ड-आराखडा आणि संपादनासाठी व्हीएसकोडव्हिम, म्हणजे व्हिम या एडिटरच्या कळ-आज्ञा व्हीएस कोडमध्ये आणणारं एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्राम). प्रत्येक गोष्ट सुटी असताना उत्तम चालते. तिन्ही एकत्र आल्या की कंट्रोल-पूर्णविराम दाबून क्विक फिक्स (दुरुस्त्या सुचवणारी यादी) उघडत नाही, एस्केपनंतर कर्सर जागचा हलत नाही आणि कंट्रोल-एफ शोधपेटी उघडायच्या ऐवजी पान पुढं सरकवतं. सगळं काढून नव्यानं टाकण्यात अर्थ नाही. अनइन्स्टॉल केलं तरी एडिटरची सेटिंग्ज आणि आयबसच्या नोंदी होम डिरेक्टरीत तशाच राहतात, आणि नवं इन्स्टॉलेशन त्याच उचलतं.

आधी कळ नेमकी कुठं अडते ते बघायचं. दाबलेली कळ डेस्कटॉपकडून आयबसकडे जाते, तिथून एडिटरकडे, आणि एडिटर ठरवतो की ती त्याच्या स्वतःच्या आज्ञेची की एखाद्या एक्स्टेन्शनची. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘डेव्हलपर: टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग’ चालू करा. खाली आउटपुट पॅनेल उघडतं आणि दर कळीमागं ओळी उमटतात: कोणती कळ आली, तिचा कीकोड (कळीचा क्रमांक) काय, ती कोणत्या आज्ञेशी जुळली आणि ती जुळणी मूळची, तुमची की एक्स्टेन्शनची. पूर्णविरामाच्या कळीचा कीकोड १९० दिसायला हवा. २२९ दिसला तर ती कळ आयबसच्या प्रक्रियेतून जाते आहे. ओळच उमटली नाही तर कळ एडिटरपर्यंत पोचलेलीच नाही, आणि मग सेटिंग्जच्या फाइलमध्ये कितीही शोधलं तरी हाती काही लागणार नाही.

कंट्रोल-पूर्णविराम हा या शेवटच्या जातीचा. आयबसच्या बऱ्याच आवृत्त्यांत तो इमोजी निवडण्यासाठी राखून ठेवलेला असतो. टर्मिनलमध्ये आयबस-सेटअप चालवा, इमोजीच्या टॅबवर जा, इमोजीच्या शॉर्टकटसमोरचं बटण दाबून तो पुसून टाका. तिथंच युनिकोड कोडपॉइंट (अक्षराचा क्रमांक) टाकण्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-यू दिसेल. तुमच्या एडिटरात त्यावर दुसरी आज्ञा असेल तर तोही काढा. मग आयबस रीस्टार्ट करून ट्रबलशूटिंगमध्ये पुन्हा पाहा: १९० आणि क्विक फिक्सशी जुळणी, दोन्ही दिसलं की हा भाग संपला.

एस्केपनंतरचा अडथळा वेगळा आहे. नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे कळा अक्षरं न उमटवता आज्ञा देतात तेव्हा, कर्सर हलवायला व्हिमला एच, जे, के, एल हवे असतात. इनस्क्रिप्ट चालू असताना त्याच कळांवरून प, र, क, त येतात. व्हिमच्या लेखी ‘र’ ही आज्ञाच नाही, त्यामुळे काहीच घडत नाही. यावर एक्स्टेन्शनमध्येच सोय आहे: ‘ऑटो स्विच इनपुट मेथड’. सेटिंग्जमध्ये त्याचं एनेबल ट्रू करा. डीफॉल्ट म्हणून आयबसच्या इंग्रजी एंजिनाचं (कीबोर्ड-आराखड्याचं) नाव द्या. ते मिळवायला इंग्रजीवर असताना टर्मिनलमध्ये ‘आयबस एंजिन’ चालवा आणि जे छापलं जाईल ते जसंच्या तसं उचला. सध्याचं एंजिन विचारणारी आज्ञा तीच, आणि बदलणारी आज्ञा म्हणजे तीच अधिक महिरपी कंसातला ‘आयएम’. दोन्हीकडे आयबसचा पूर्ण पाथ लिहा. आता एस्केप दाबलं की इंग्रजी, इन्सर्टमध्ये, म्हणजे टायपिंगच्या मोडमध्ये, शिरलं की परत मराठी. नोममध्ये, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर, वरच्या पट्टीतला भाषेचा निर्देशक कधी कधी जुनीच भाषा दाखवत राहतो. त्यावर न जाता प्रत्यक्ष काय उमटतं ते पाहावं.

कंट्रोल-एफचा निकाल ‘व्हिम.हँडलकीज’ या सेटिंगमध्ये लागतो. तिथं कंट्रोल-एफसमोर फॉल्स लिहिलं की कळ एडिटरला परत मिळते. त्याच बैठकीत कंट्रोल-ए सुद्धा फॉल्स करा, ही आग्रहाची सूचना. नॉर्मल मोडमध्ये कंट्रोल-ए कर्सरखालची किंवा ओळीत पुढं असलेली संख्या एकानं वाढवतो. सगळं निवडायच्या सवयीनं तो दाबला आणि ओळीत इंग्रजी अंकांत १९४७ साल असलं, तर ते गुपचूप १९४८ होतं. जुना मजकूर टाइप करणाऱ्याला अशी चूक पुढं सापडणं महाकठीण.

आता सगळ्यात नाजूक जागा. अदृश्य चिन्हं साफ करणारं एखादं एक्स्टेन्शन सेव्ह करताना शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे यू+२००डी, उडवतं. प्रोग्रामच्या फाइलसाठी ते बरं, मराठीसाठी घातक. बऱ्याच जुन्या मजकुरात ‘दऱ्या’मधला अर्धा र हा र, हलन्त आणि जोडक असा साठवलेला असतो. जोडक गेला की उरतं ‘दर्या’, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं, म्हणजे स्वयंपाकी जाऊन गुरुजी येतात. शब्द दोन्ही बरोबर, म्हणून स्पेलचेकही गप्प बसतो. ‘ॲ’ हे अक्षरही अनेक ठिकाणी अ, जोडक आणि चंद्र असं लिहिलेलं असतं. तिथला जोडक गेला तर काही फॉन्टांत चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं.

दोषी एक्स्टेन्शन शोधायला कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘हेल्प: स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट’ वापरा. ते दर फेरीत निम्मी एक्स्टेन्शनं बंद करतं, त्यामुळे तीस असली तरी साधारण पाच फेऱ्यांत नाव कळतं. चाचणीला जोडक असलेली चार ओळींची फाइल ठेवा. सेव्ह करण्याआधी आणि नंतर बाइट मोजा: यूटीएफ-८मध्ये एक जोडक तीन बाइटांचा, म्हणजे फाइल तिनाच्या पटीत आखडली तर संशय पक्का.

एक्स्टेन्शन बंद करणं हा तात्पुरता उपाय. मजकूरच जोडकावर अवलंबून राहणार नाही असा करून ठेवणं जास्त टिकाऊ. शोधपेटीत रेजेक्स (नमुन्यानुसार शोध) चालू करून ‘र’, हलन्त आणि त्यामागं उलट्या तिरक्या रेघेसह यू२००डी शोधा. बदली म्हणून नुक्त्याचा ‘ऱ’, म्हणजे यू+०९३१, आणि हलन्त द्या. तसंच अ, जोडक आणि चंद्र यांच्या जागी एकसंध ‘ॲ’, यू+०९७२. ‘सगळे बदला’ दाबण्याआधी पहिले दहा-बारा बदल एकेक करून पाहा. उरलेले जोडक सरसकट पुसू नका. क्ष किंवा ज्ञ मुद्दाम सुटे दाखवण्यासाठीही ते घातलेले असतात.