मादी पिल्लांना घर शोधून देताना : एका नवख्या ब्रीडरचा अनुभव

“मादी असेल तर नको,” हे वाक्य मी गेल्या हिवाळ्यात फोनवर इतक्या वेळा ऐकले, की सगळी पिल्ले आपापल्या घरी सुखरूप असतानाही ते आठवले की आजही जिवाचा संताप होतो. मी नाशिकला राहते आणि मिनिएचर डॅशहुंड जातीच्या कुत्र्यांचे प्रजनन मी नुकतेच सुरू केले आहे. माझ्या कुत्रीच्या पहिल्या वेतात पाच पिल्ले झाली, दोन नर आणि तीन माद्या. दोन्ही नरांना चांगली घरे अगदी सहज मिळाली. माद्यांपैकी शेवटची मात्र स्वतःच्या घरी गेली तेव्हा चांगली चार महिन्यांची झाली होती.

राज्य प्राणी कल्याण मंडळाकडील नोंदणी, तिचे पाच हजार रुपये शुल्क, जागेची तपासणी हे सर्व आधीच पार पडले होते आणि त्यात मला काही अडचण आली नाही. बाळंतपणही डॉक्टरांच्या देखरेखीखाली नीट झाले. पिल्ले ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात मी वेगळ्या रंगाच्या लोकरीचा सैल धागा बांधला होता आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर प्रत्येकाचे वजन करून वहीत लिहीत होते. ज्या मादीला सर्वांत उशिरा घर मिळाले तिचा धागा पिवळा होता, म्हणून घरात सगळे तिला पिवळीच म्हणत.

मादी नको म्हणणाऱ्यांची कारणे ठरलेली असतात. पहिले म्हणजे ती हीटवर (माजावर) येते, घरात डाग पडतात. दुसरे, सोसायटीच्या फाटकाशी भटके कुत्रे जमतात. तिसरे, चुकून गाभण राहिली तर पिल्लांचे काय करायचे? ही भीती निराधार आहे असे मी कोणालाही म्हटले नाही. निर्बीजीकरण न केलेली मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, तो काळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो आणि त्या दिवसांत तिला जपावे लागते. पण योग्य वयात निर्बीजीकरण केले की हे तिन्ही प्रश्न एकदम मिटतात, शिवाय उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा जो जिवावर बेतणारा आजार माद्यांना होतो, त्याचीही धास्ती राहत नाही. हे मी प्रत्येकाला शांतपणे समजावून सांगत असे. पलीकडून “हो, पण नरच बघा ना ताई,” असे उत्तर येई आणि फोन बंद होई. नर जागोजागी तंगडी वर करतो, वासामागे पळून जाण्याची त्याची ओढ जास्त असते, याचा विचार करणारे फार थोडे भेटले.

मादी नको म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, पण त्यांनी माझ्या पिल्लांचे नुकसान तरी केले नसते. खरी चिंता लागली ती मादीच हवी म्हणून आलेल्यांची.

एक गृहस्थ दुसऱ्या शहरातून गाडी करून आले. बोलणे अत्यंत अदबशीर, घरी येताच चप्पल बाहेर काढून आत आले, पाणी घेतले, माझ्या सासूबाईंना नमस्कार केला. मला वाटले, शेवटी मनासारखे घर मिळाले. पण पिल्ले समोर सोडली तेव्हा त्यांनी एकीलाही हाक मारली नाही की तिच्यापुढे हात केला नाही. पिवळीला उचलून त्यांनी उताणी धरली आणि बोटाने तिच्या पोटावरील स्तनाग्रे मोजू लागले. मग आईला किती पिल्ले झाली, सिझेरियन लागले का, आजीच्या वेतात किती होती, असे एकामागून एक प्रश्न आले. ती काय खाते, रात्री कुठे झोपते, लसी कोणत्या झाल्या, यांतले काहीही त्यांनी विचारले नाही. त्यांना उरलेल्या दोन्ही माद्या हव्या होत्या आणि नरांना मिळाली त्याहून जास्त किंमत ते एकरकमी द्यायला तयार होते. “पहिल्या हीटलाच लावून टाकतो, म्हणजे खर्च निघून येतो,” हे त्यांनी अगदी सहज सांगितले.

छोट्या जातीच्या मादीला पहिली हीट कित्येकदा सहा-आठ महिन्यांतच येते. त्या वयात तिची स्वतःचीच वाढ पूर्ण झालेली नसते. केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार अठरा महिन्यांखालील मादीचे प्रजनन करता येत नाही, वर्षातून एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही आणि उभ्या आयुष्यात पाचपेक्षा अधिक नाही. मी त्यांना त्यांचा नोंदणी क्रमांक विचारला. ते म्हणाले, “ताई, एवढं कोण बघतंय?” मी पिवळीला त्यांच्या हातातून घेतले आणि पिल्ले देणार नाही असे सांगितले. त्यानंतरही त्यांचे फोन येत राहिले आणि प्रत्येक वेळी रक्कम वाढत गेली. खाद्य, लसी, ओळखीसाठी कातडीखाली बसवायची मायक्रोचिप, डॉक्टरांची फी यांत माझे बरेच पैसे गुंतले होते, घरातूनही “देऊन मोकळी हो” असा सूर लागला होता, तरीही मी नकारावर ठाम राहिले, याचे मला आज मनापासून समाधान वाटते.

असे लोक पुढेही भेटत गेले, फक्त ते इतके उघड बोलत नसत. कोणी सांगे की मुलीला वाढदिवसाला पिल्लू द्यायचे आहे, आणि थोड्या वेळाने विचारी की पेपर, म्हणजे वंशावळीची कागदपत्रे, असले तर पुढे पिल्लांना भाव जास्त मिळतो का. म्हणून मी फोनवरच सुरुवातीला एक गोष्ट सांगू लागले : मादी घरी पाळण्यासाठीच दिली जाईल, तिचे निर्बीजीकरण करण्याची अट करारनाम्यात असेल आणि जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबच्या नोंदणीतील मालकी हस्तांतरणाच्या अर्जावर मी सही करेन ती निर्बीजीकरणाचा दाखला पाहिल्यावरच. एवढे ऐकले की निम्म्याहून अधिक लोक पुन्हा फोन करत नसत. नव्या ब्रीडरला माझे आग्रहाचे सांगणे आहे की ही अट पिल्लू दाखवायच्या आधी सांगावी. पिल्लू मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाशी अटींबद्दल बोलणे फार अवघड होते.

दरम्यान वय वाढत होते, आणि आपल्याकडे पिल्लाचे वाढते वय हा त्याचा दोष मानला जातो. आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू विकणे नियमाला धरून नाही, तरी “तीस दिवसांचं असतानाच द्या, म्हणजे माया लागते,” असे म्हणणारे कितीतरी होते. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचे नाही हे शिकते, आई त्याला दटावते, ते हळूहळू अंगावरचे दूध सोडते. तो काळ हिरावून घेतलेले पिल्लू पुढे लहान मुलांचे हात चावते आणि मग तेच लोक ते कोणाला तरी देऊन टाकायला निघतात. तेच फोन करणारे पिवळी बारा आठवड्यांची झाल्यावर “आता मोठी झाली, लळा लागणार नाही,” म्हणू लागले. खरे तर तोपर्यंत तिच्या लसी बऱ्याच पुऱ्या होत आल्या होत्या, तिला वर्तमानपत्रावर शू करायची सवय लागली होती आणि ती हाकेला धावत येत होती.

पिवळीखेरीजच्या दोन माद्यांपैकी एक सिन्नरच्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याकडे गेली. त्यांचे घर तळमजल्यावर आहे, आणि डॅशहुंडच्या बाबतीत मी याला फार महत्त्व देते. लांब पाठ आणि आखूड पाय यांमुळे या जातीत मणक्यातील चकती सरकण्याचा त्रास साधारण चार-पाचांतील एका कुत्र्याला आयुष्यात कधीतरी होतो. जिने चढणे-उतरणे आणि सोफ्यावरून उड्या मारणे यांनी पाठीवर ताण येतो. म्हणून तिसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्या, एरवी सर्व दृष्टींनी चांगल्या कुटुंबाला मी नकार दिला होता. दुसरी मादी बँकेत नोकरी करणाऱ्या एका तरुणीकडे गेली. ती भाड्याच्या घरात राहते, त्यामुळे तिच्याकडून घरमालकाची लेखी संमती मी आधी मागून घेतली. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, परंतु घरमालकाने घर सोडायला सांगितले तर हाल पिल्लाचेच होतात.

पिवळी राहिली. रोज रात्री ती माझ्या पायाशी येऊन बसे आणि आपणच ठेवून घ्यावी असे मनात येई. पण पहिल्याच वेतातील पिल्लू ठेवून घेतले तर पुढे चांगले घर शोधण्याची जबाबदारीच टाळली जाईल, असे मला वाटत होते. शेवटी मार्ग दाखवला तो आमच्या पशुवैद्यक डॉक्टरांनी. ते म्हणाले, “जाहिरात बघून येणाऱ्यांची वाट बघू नका, ज्यांचा म्हातारा डॅशहुंड नुकताच गेला आहे अशी घरं माझ्या रजिस्टरमध्ये आहेत, त्यांना मी विचारून बघतो.” त्यांनी आधी त्या कुटुंबांची परवानगी घेतली आणि मगच माझा नंबर दिला. काही दिवसांनी एक काका-काकू आले. त्यांचा कुत्रा चौदा वर्षांचा होऊन गेला होता. आल्या आल्या काकू जमिनीवर बसल्या, पिवळीला जवळ येऊ दिले आणि मग एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली घेऊन पाठ सरळ ठेवून तिला उचलले. डॅशहुंड असाच उचलायचा असतो, आणि हे त्यांना मी सांगावे लागले नाही. नर की मादी हे त्यांनी विचारले नाही. विचारले ते वजन, खाण्याच्या वेळा आणि विजेचा कडकडाट, फटाके अशा मोठ्या आवाजाला ती घाबरते का, हे. निर्बीजीकरणाची अट वाचून काका म्हणाले, “हे तर करायचंच असतं.” मला त्या क्षणी डोळ्यांतले पाणी आवरले नाही.

आता मी पुढच्या वेताचा विचार करण्याआधीच शहरातील तीन-चार दवाखान्यांत सांगून ठेवते आणि इच्छुकांची यादी तयार झाल्याशिवाय कुत्रीला नर दाखवत नाही. यादीत मादी चालेल असे स्पष्ट म्हणणारी घरे किती आहेत, हे आधी पाहते. विसार म्हणून मोठी रक्कम घेऊ नये, कारण पैसे घेतल्यावर नकार देणे कठीण होते. कोणत्याही कारणाने कुत्रा सांभाळणे अशक्य झाले तर तो मलाच परत द्यावा, ही अट करारनाम्यात असावी आणि ती तोंडीही सांगावी. लोकांना परत द्यायला संकोच वाटतो आणि मग कुत्रा भलत्याच ठिकाणी पोहोचतो. पंधरा अंकी मायक्रोचिप क्रमांक लसीकरणाच्या पुस्तिकेवर आणि करारनाम्यावर दोन्हीकडे लिहावा.

पिल्लू सकाळीच घरी पाठवावे, म्हणजे काही त्रास झाला तर दवाखाने उघडे असतात. सोबत आठवडाभर पुरेल इतके त्याच्या सवयीचे खाद्य आणि आईच्या अंथरुणातील एखादा कापडाचा तुकडा द्यावा. दीड किलोच्या आतबाहेर वजन असलेल्या पिल्लाने प्रवासात किंवा नव्या जागेच्या धास्तीने दोन वेळा खाणे सोडले तर त्याच्या रक्तातील साखर एकदम उतरू शकते. ते लुळे पडले, थरथरू लागले तर हिरड्यांना थोडा मध चोळून लगेच डॉक्टरांकडे न्यावे. हे मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देते आणि पहिल्या रात्री नऊच्या सुमारास स्वतः फोन करून पिल्लू जेवले का, हे विचारते.